अतिनील किरणांमुळे समुद्री अर्चिनच्या डिंभांवर नेमका काय परिणाम होतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मध्ये एवढे पाणी असताना अतिनील किरण समुद्री अर्चिन या गोल, काटेरी प्राण्याच्या डिंभांपर्यंत, म्हणजे अंड्यातून निघालेल्या तरंगत्या पिल्लांपर्यंत, पोचतात का, आणि पोचले तर ते डिंभ मरतात का. विद्यार्थिनी असताना आणि पुढे प्राणिशास्त्र शिकवताना या प्राण्याची अंडी मी अनेकदा सूक्ष्मदर्शकाखाली फलित करून पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. २८० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे, सर्वांत घातक किरण वातावरणातच शोषले जातात. २८० ते ३१५ नॅनोमीटरमधले, ज्यांना यूव्ही-बी म्हणतात, ते मात्र ओझोनच्या थरातून काही प्रमाणात निसटतात आणि खुल्या समुद्राच्या नितळ पाण्यात कित्येक मीटर खाली उतरतात. पावसाळ्यात नद्यांच्या गाळाने गढूळ झालेल्या कोकणच्या किनाऱ्यावर ते तेवढे खोल जात नाहीत. अर्चिन अंडी आणि शुक्रपेशी थेट पाण्यात सोडतो, फलन पाण्यातच होते आणि पुढचे अनेक दिवस डिंभ वरच्या थरांत तरंगत राहतात. त्यांना कवच नसते आणि ते जवळजवळ पारदर्शक असतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी आधी निरोगी अंड्याची वाढ डोळ्यांसमोर आणावी लागेल. पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण टोचले की मादीच्या पाठीवरच्या पाच छिद्रांतून अंडी पाझरू लागतात. एकेक अंडे साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असते. त्यांत शुक्रपेशी मिसळल्यावर मिनिटभरात अंड्याभोवती एक पातळ पापुद्रा उचलला जातो, आणि उबदार पाण्यात तासा-दीड तासात अंड्याच्या मध्यावर खाच पडून त्याचे दोन भाग होतात. मी पहिल्यांदा अतिनील दिव्याखालून काढलेली बशी पाहिली तेव्हा शेजारच्या बशीतल्या अंड्यांचे चार-चार भाग झाले होते आणि या बशीतली अंडी मात्र अजून गोल आणि एकसंध होती. ती मेली असे मला वाटले. बऱ्याच वेळाने त्यांच्यातही खाच पडली.

हा उशीर हाच या विषयाचा गाभा आहे. किरणांचा मारा अती झाला तर भ्रूण मरतातच. पण कमी मात्रेत पहिली खूण दिसते ती विभाजन लांबण्याची. डीएनएच्या साखळीत शेजारी असलेले थायमिन नावाचे दोन घटक किरणांमुळे एकमेकांना जोडले जातात आणि साखळीची नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडखळते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आर्थर गीझ यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून कॅलिफोर्नियाच्या जांभळ्या अर्चिनवर या उशिराचा अभ्यास केला. केवळ शुक्रपेशींवर किरण सोडले आणि अंडी अजिबात किरण न पडलेली घेतली, तरी पहिले विभाजन लांबते, हा त्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे, कारण शुक्रपेशीत केंद्रकाखेरीज फारसे काही नसतेच. म्हणजे इजा कुठे झाली आहे हे त्यावरून स्पष्ट होते. ही इजा दुरुस्त करणारे फोटोलायेज नावाचे विकर (एन्झाइम) अर्चिनच्या पेशींत असते, आणि त्याला लागणारी ऊर्जा ते निळ्या व लांब लहरींच्या अतिनील प्रकाशातून घेते, म्हणजे ज्या उन्हाने इजा होते त्याच उन्हावर दुरुस्तीही चालते.

दुरुस्ती अपुरी पडली की बिघाड पुढच्या अवस्थांत दिसू लागतो. पोकळ चेंडूसारख्या भ्रूणाची पोकळी सुट्या पेशींनी भरून जाते, किंवा आत वळायला हवे असलेले आतडे बाहेरच्या बाजूला वाढते. प्ल्यूटियस नावाच्या डिंभावस्थेपर्यंत पोचलेल्यांचेही हात आखूड किंवा एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला तोकडे राहतात. हे हात आतल्या चुनखडीच्या काड्यांवर ताणलेले असतात आणि त्यांवरच्या केसलांच्या, म्हणजे हलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या, पट्ट्यांनी डिंभ सूक्ष्म शैवाल पकडून खातो, त्यामुळे हात बिघडला की अन्नही कमी मिळते. प्रयोगशाळेच्या बशीत असा डिंभ जिवंत म्हणून मोजला जातो. समुद्रात तो फार टिकेल असे मला वाटत नाही.

आता संरक्षणाबद्दल, कारण हा भाग तुमच्या प्रश्नात नसला तरी त्यावाचून उत्तर अपुरे राहील. काही लाल शैवाले मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले तयार करतात. त्यांपैकी शिनोरिन ३३४ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण शोषते. प्राण्यांना ही द्रव्ये स्वतः बनवता येत नाहीत, पण अर्चिनची मादी ती खाण्यातून मिळवते आणि अंडाशयात साठवते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विद्यापीठातील निक्की अ‍ॅडम्स आणि माल्कम शिक यांनी १९९६ मध्ये हिरव्या अर्चिनवर दाखवून दिले की ज्या अंड्यांत ही द्रव्ये जास्त, त्यांचे विभाजन किरणांनंतर कमी लांबते. त्यांनी माद्यांना वेगवेगळी शैवाले खाऊ घातली होती. लाल शैवाल खाल्लेल्यांची अंडी सुरक्षित राहिली आणि लॅमिनेरिया या तपकिरी शैवालावर वाढलेल्यांची तुलनेने उघडी पडली. आईने महिनोन्‌महिने काय चरले यावर पिल्लांचे पहिले काही तास ठरतात. वर्गात हे सांगताना आजही माझा आवाज थोडा बदलतो.

सर्वांत जास्त काळजी अंटार्क्टिकाच्या स्टेरेकायनस न्यूमायेरी या अर्चिनची वाटते. ओझोनचे छिद्र तिथे वसंतात, म्हणजे सप्टेंबरपासून पुढे उघडते, आणि त्याच मोसमात या अर्चिनचे भ्रूण पाण्यात असतात. शून्याखालच्या पाण्यात त्यांची वाढ अतिशय सावकाश होते, त्यामुळे नाजूक अवस्थेत ते जास्त दिवस राहतात, आणि डीएनएची दुरुस्तीही उबदार समुद्रातल्या जातींपेक्षा हळू चालते. त्यांच्यावर समुद्रबर्फाचे छप्पर असते आणि ते बरेचसे किरण अडवते, पण सगळे नाही. बर्फाखाली ठेवलेल्या भ्रूणांतही डीएनएची इजा मोजली गेली आहे. बर्फ जिथे पातळ असतो किंवा लवकर फुटतो, तिथे हे छप्परही उरत नाही.