अष्टपैलू, चतुरस्र आणि रॅप म्हणणारी गायिका

प्रश्न नाशिकच्या एका विद्यार्थिनीचा आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात अमेरिकी गायिका बियॉन्सेच्या गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि निवेदन तिच्याकडे. बियॉन्से अनेक प्रकारची गाणी गाते आणि रॅपही करते, हे तिला नेमक्या शब्दांत सांगायचं आहे. तिने 'अष्टपैलू पॉप गायिका' असं लिहिलं, तर मैत्रिणी म्हणाल्या, हे क्रिकेटपटूची ओळख करून दिल्यासारखं वाटतं. सरांनी 'चतुरस्त्र' सुचवला. यातला बरोबर कोणता? आणि बियॉन्से रॅप 'गाते' की 'करते'?

मैत्रिणींचे कान तयार आहेत. पैलू मुळात हिऱ्याचे, पण वर्तमानपत्रांच्या क्रीडापानाने 'अष्टपैलू' इतका घासला आहे की त्यामागून बॅट आणि बॉल येतातच. माझी हरकत मात्र वेगळी आहे. अष्टपैलू म्हणताना आपल्या मनात निरनिराळी कौशल्यं असतात: फलंदाजी एक, गोलंदाजी दुसरं. बियॉन्से गाते, नाचते, सिनेमात कामही करते, एवढंच सांगायचं असेल तर शब्द खुशाल ठेवा. पण तुम्हाला सांगायचं आहे ते एकाच कलेबद्दल. गाणं एकच, त्यातले प्रकार अनेक. 'हरहुन्नरी'चीही हीच अडचण. शिवाय त्याला थोडी घरगुती चव आहे. रांगोळीपासून फ्यूज बदलण्यापर्यंत सगळं जमणाऱ्या मामींना तो शोभतो, स्टेडियम भरवणाऱ्या गायिकेला जरा तोकडा पडतो. 'बहुआयामी' तर मी निवेदनातून हद्दपारच करीन. कालिदास कलामंदिरात बसून सत्कारमूर्तींची ओळख ऐकलेल्या कुणालाही कारण सांगावं लागणार नाही.

सरांचा शब्द योग्य आहे, फक्त त्यातलं 'अस्त्र' काढून घ्या. चतुर् अधिक अस्र. अस्र म्हणजे कोन. चतुरस्र म्हणजे चौकोनी, सगळ्या बाजूंनी सारखं, म्हणून सर्वांगांनी परिपूर्ण. यात कुणी चार शस्त्रं घेतलेली नाहीत, पण 'शस्त्र-अस्त्र' जिभेवर इतकं बसलेलं आहे की छापील पत्रिकांतही 'स्त्र' शिरतो. एकाच कलेच्या सगळ्या अंगांवर पकड, हा अर्थ इथे चपखल बसतो. आशा भोसले यांना मराठीत चतुरस्र म्हणतात ते याचमुळे: नाट्यगीत, लावणी, कॅबरे, पॉप, आणि 'उमराव जान'मधल्या (१९८१) गझला. त्यातल्या एका गझलेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. (जाता जाता: तालशास्त्रात चारच्या गटाला 'चतुरस्र जाती' म्हणतात, आणि बहुतेक रॅपचा ठेकाही चारचाच. निव्वळ योगायोग, पण मला आवडलेला.)

तरीही विशेषणावर सगळा भार टाकू नये असं मला वाटतं. गायकाच्या या गुणासाठी मराठीत 'बाज' हा फार कामाचा शब्द आहे. लावणीचा बाज, ठुमरीचा बाज, गझलेचा बाज. 'ढंग'ही आहे, पण तो एकटा आला की 'हे काय ढंग चालवलेत' ऐकू येतं. बाजाला असा वाईट वास नाही. गायिका बाज बदलते म्हणजे नुसती चाल बदलत नाही; आवाजाचा लगाव, शब्द फेकण्याची पद्धत, श्वास कुठे घ्यायचा, सगळंच बदलतं. बियॉन्सेची वाटचाल याच शब्दात सांगता येते. सुरुवात डेस्टिनीज चाइल्ड या मुलींच्या गटात, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताच्या बाजात. २०१६च्या अल्बममध्ये रॉकही आहे आणि कंट्रीही (अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं, लोकगीतांच्या वळणाचं संगीत). २०२२चा 'रेनेसान्स' क्लबमध्ये वाजणाऱ्या हाउस संगीताचा. २०२४चा 'काउबॉय कार्टर' कंट्रीचा, आणि त्यातच एका ठिकाणी ती जुन्या इटालियन गीताच्या ओळी ऑपेराच्या आवाजात गाते. या अल्बमला २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं आणि वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं, अशी दोन्ही ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतली संगीताची मानाची पारितोषिकं, मिळाली. रॅपही तिने तोंडी लावण्यापुरता केलेला नाही. तिच्याच ह्यूस्टन शहरातल्या मेगन दी स्टॅलियन या रॅपरबरोबरच्या गाण्यासाठी २०२१मध्ये तिला रॅप विभागातली दोन ग्रॅमी मिळाली आहेत.

आता क्रियापद. 'रॅप गाते' हे रॅप करणाऱ्यांनाच पटत नाही, कारण त्यात सुरापेक्षा बोल आणि लय पुढे असतात. 'रॅप करते' रूढ झालं आहे, ते वापरा. पण मराठीत एक क्रियापद आधीपासून दोन्हीकडे पाय ठेवून उभं आहे: म्हणणे. आपण पाढे म्हणतो, आरती म्हणतो, मंगलाष्टकं म्हणतो आणि 'एक गाणं म्हण ना' असंही म्हणतो. बोलणं आणि गाणं यांच्यामध्ये आपण भिंत घातलीच नाही. कवी अमृतरायांचे कटाव घ्या: अनुप्रासांची माळ, शब्दांवर शब्द, लय वाढत जाते आणि सूर जवळपास जागच्या जागी. अठराव्या शतकातली ही रचना आजच्या रॅपरपुढे ठेवली तर त्याला ठेका धरायला वेळ लागणार नाही. शाहीरही गाता गाता मध्येच बोलतो आणि पुन्हा सुरात येतो. सिन्नर तालुक्यातल्या लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी ज्या जिल्ह्यात ऐकली जातात तिथे हे वेगळं समजावायला नको.

एक धोका आहे. 'ती रॅप म्हणते' हे वाक्य सुटं आलं तर ती एखाद्या गोष्टीला रॅप म्हणते, असा अर्थ निघू शकतो. म्हणून कर्म बदला: 'रॅपची कडवी म्हणते'. निवेदनात मी असं लिहीन: 'बियॉन्से ही चतुरस्र गायिका. कंट्रीपासून हाउसपर्यंत प्रत्येक बाजात ती मनापासून गाते, आणि मध्येच सूर बाजूला ठेवून रॅपची कडवी त्याच तयारीने म्हणते.'

राहता राहिलं लिंग, जे तुम्ही विचारलं नाही पण मंचावर अडेल. 'तो रॅप' हेच ऐकू येतं आणि अनेकवचनही 'रॅप'च: एक रॅप झाला, दोन रॅप झाले. गायिकेलाही 'रॅपर'च म्हणा. 'रॅपरीण' मी एकदा ऐकला आहे, आणि तो सांगणाऱ्याने गमतीनेच वापरला होता.