गोल अणुकेंद्रक फिरताना दिसत नाही, मग शिशाचं कसं दिसतं?

गोल केंद्रकाचं फिरणं दिसत नाही, असं पुस्तकांत असतं आणि ते खरंच आहे. चेंडूसारखं गोल केंद्रक फिरलं तरी पुंजभौतिकीच्या हिशेबात काही बदलत नाही, म्हणून फिरण्याच्या ऊर्जापातळ्यांची शिडी लांबट केंद्रकांतच शोधायची. पण 1990च्या दशकाच्या सुरुवातीला शिसे-198, 199 अशा जवळपास गोल समस्थानिकांत तशीच नीटस शिडी सापडली. फरक एवढाच, की लांबट केंद्रक कोनीय संवेगाच्या (फिरण्याच्या मापाच्या) दोन-दोन पायऱ्या उतरतं, हे एकेक उतरत होतं. आणि बाहेर पडणारे गॅमा किरण बहुतेक चुंबकीय जातीचे.

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन फ्राउएनडॉर्फ यांनी याचा उलगडा केला. द्राक्षबागेत छाटणीला वापरतात ती स्प्रिंगची कात्री डोळ्यांपुढे आणा. 82 प्रोटॉनांच्या भरलेल्या कवचातून (कणांच्या ऊर्जेच्या थरातून) वर उडालेले एक-दोन प्रोटॉन म्हणजे एक पातं, न्यूट्रॉनच्या कवचातल्या काही रिकाम्या जागा म्हणजे दुसरं. ही पाती म्हणजे त्यांचे कोनीय संवेग. शिडीच्या तळाशी ती काटकोनात असतात. कात्री मिटत जाते तसा एकूण संवेग वाढतो. या दोन पात्यांमुळे केंद्रकाला एक आडवं चुंबकीय आघूर्ण (छोट्या चुंबकाची ताकद आणि दिशा) मिळतं आणि फिरताना दिसतं ते तेच. म्हणून नाव चुंबकीय परिभ्रमण.

मग कात्री मिटताना हे आडवं आघूर्णही घटायला हवं, म्हणजे वरच्या पायऱ्यांवर चुंबकीय किरणांचा जोर कमी. हे तपासायचं तर प्रत्येक पायरीचं पिकोसेकंदाहूनही (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही) कमी आयुष्य मोजावं लागतं. घड्याळ कुठलं लावणार? केंद्रक धातूच्या पत्र्यात मंदावत असताना किरण सोडतं, तेव्हा डॉप्लर परिणामाने (स्रोताच्या वेगामुळे किरणांची ऊर्जा बदललेली दिसते, त्याने) वर्णपटातलं शिखर एका बाजूला ओढलं जातं. त्या आकारावरून आयुष्य काढतात. 1997 साली अमेरिकेतल्या बर्कलेच्या गॅमास्फिअर या गॅमा किरण टिपणाऱ्या उपकरणावर हे झालं आणि जोर खरोखर घटलेला दिसला. मला तर सिद्धान्तापेक्षा ही मोजणीच जास्त आवडते.

राहिली कात्रीची स्प्रिंग, म्हणजे दोन पात्यांमधलं बल. तीच भौतिकशास्त्रातली ‘परिणामी आंतरक्रिया’ (effective interaction). जवळजवळ दोनशे कणांमधलं खरं बल कोण मोजत बसणार! भरलेली कवचं बाजूला ठेवायची आणि उरलेल्या मोजक्या कणांसाठी एक सोपं बल धरायचं. इथे पायऱ्यांच्या ऊर्जेवरूनच कळतं, की कोन बदलला की किती जोर लागतो: दर प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडीमागे काहीशे किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक), आणि सर्वांत कमी ऊर्जा काटकोनात. कॅडमियम-106मध्ये तर अशा दोन कात्र्या समोरासमोर असतात. त्यांची आघूर्णं एकमेकांना खोडतात आणि चुंबकीय किरण जवळपास गायब होतात.