कॅम्पर (आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) घेऊन कोकणात पहिल्यांदा जाऊन राहिला ना, मग हे वाच

भाऊ, नागपूरहून समृद्धीचे 701 किमी आरामात निघतात, त्याची चिंता नको करू, खरी परीक्षा खाली खाडीवर आहे. आगरदांडा-दिघी, मग बागमांडला-वेश्वी, मग दाभोळ-धोपावे आणि शेवटी तवसाळ-जयगड, या चार जंगलजेट्टी (गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी) धरल्या की गणपतीपुळ्यापर्यंत किनारा सुटत नाही.

पण ओहोटी बघूनच जा. पाणी उतरलं की फेरीबोटीचा रॅम्प तिरपा होतो अन् कॅम्परचा मागचा भाग लांब असतो, तो घासतो. माझा वेश्वीला घासला, बंपरची क्लिप तुटली, पाण्याच्या टाकीचा पाइप दोन बोटांवरून वाचला. तेव्हापासून मी आधी उतरून धक्का पायानं बघतो, शेवाळ असलं तर फर्स्ट गिअरमध्ये एकदम हळू, बोटीवरच्या पोराच्या हाताकडे बघत. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालचा टाइम आज धरू नको.

चढायच्या आधी गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, बोटीत हँडब्रेक. सुट्टे पैसे ठेव.

आणि हो, वाळूत गाडी घालायची नाही म्हणजे नाही!! आपल्याकडच्या काळ्या मातीत फसली तर ट्रॅक्टर येतो, तिथं भरती आधी येते. केळशी, आंजर्ल्याकडे गल्ल्या फार अरुंद, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे (जांभ्या दगडाच्या कुंपणभिंती), गाडी बाहेर लावून पायी फिर, घरच्यांना विचारून अंगणात रात्र काढ, लोकं खूप जीव लावतात. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धू, त्याच दिवशी.