‘युनियन’ : संघ, महासंघ की विलीनीकरण?

प्रश्न असा : बेंजामिन फ्रँकलिनच्या १७५१ ते १७५४ मधल्या राजकीय पत्रांत ‘युनियन’ हा शब्द वारंवार येतो. मराठीत त्याला संघ म्हणावं, महासंघ, संघराज्य, एकीकरण की विलीनीकरण?

शब्दकोशापेक्षा ऑल्बनीची योजना उघडलेली बरी : अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींना एकत्र आणण्यासाठी त्यांच्या प्रतिनिधींनी ऑल्बनीच्या बैठकीत, मुख्यतः फ्रँकलिनच्या आराखड्यावरून, आखलेली. जुलै १७५४ मध्ये त्या बैठकीत मंजूर झालेल्या या योजनेत, तिच्यापुरते बदल सोडले तर, प्रत्येक वसाहतीची राज्यघटना तशीच राहणार होती. वर एक महापरिषद, तिचे ४८ सदस्य. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियाला प्रत्येकी ७, ऱ्होड आयलंडला २. या परिषदेकडे मुख्यतः मूळ रहिवाशांशी तह आणि व्यापार, नव्या वस्त्या, सैन्य, किल्ले आणि त्यासाठी लागणारे कर. तिचे कायदे लंडनला जाणार आणि तीन वर्षांत राजाने नाकारले नाहीत तर कायम राहणार. म्हणजे घटक टिकून आहेत, त्यामुळे विलीनीकरण बाद. सार्वभौमत्व राजाकडेच, त्यामुळे संघराज्यही बाद. ‘महासंघ’ १७८१ साली अमलात आलेल्या अमेरिकी राज्यांच्या करारासाठी (‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’) राखून ठेवावा, नाहीतर तिथे पोहोचल्यावर शब्द उरत नाही. राहिला ‘संघ’. आपल्या राज्यघटनेतल्या ‘राज्यांचा संघ’मुळे तो कानाला सरावलेलाही आहे.

‘एकीकरण’ मी टाळेन. मराठी वाचकाला त्यात बेळगाव ऐकू येतं, जसं ‘विलीनीकरण’ म्हटलं की संस्थानं किंवा गोव्याचा १९६७ चा कौल आठवतो.

पण अपवाद आहे, आणि अनुवादक नेमका तिथेच फसतो. २२ डिसेंबर १७५४ ला फ्रँकलिनने मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर विल्यम शर्ली याला लिहिलेलं पत्र घ्या. वसाहतींना ब्रिटिश संसदेत प्रतिनिधी देऊन त्यांना ब्रिटनशीच जोडावं, अशी शर्लीची सूचना होती. पुरेसे प्रतिनिधी मिळाले आणि व्यापार अडवणारे जुने कायदे रद्द झाले, तर ती लोकांना पटेल असं फ्रँकलिनचं उत्तर. इथेही शब्द ‘युनियन’च, पण संघ लिहिलं की अर्थ उलटतो. तिथे ‘ब्रिटनशी एकीकृत होणं’ असं क्रियापदाने सोडवावं. याच्या उलट, न्यूयॉर्कचा मुद्रक जेम्स पार्कर याला लिहिलेल्या १७५१ च्या पत्रात संसदेने लादलेल्या संघापेक्षा वसाहतींनी आपणहून केलेला संघ बरा, असं तो म्हणतो. तिथे ‘स्वेच्छेने’ हा शब्द गाळू नका. सगळा मुद्दा त्यातच आहे.

‘वसाहत’ही जपून. ‘वसाहतींचा संघ’ वाचून पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते. पहिल्या उल्लेखात ‘अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहती’ लिहिलं की भागतं. आणि ‘तेरा वसाहतींचा संघ’ तर १७५४ साठी चूकच आहे : ऑल्बनीच्या यादीत अकराच नावं आहेत, जॉर्जिया आणि डेलावेअर नाहीत.

तारखेचंही सांगतो, कारण पार्करच्या पत्राला कधीकधी १७५० साल दिलेलं दिसतं. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. पत्र २० मार्चचं. जुन्या हिशेबाने १७५०, आपल्या हिशेबाने १७५१. अनुवादात ‘१७५०/५१’ छापावं.