अठरा दिवसांचा संसार चालतो का?

ताई, तुमचा प्रश्न असा: लग्नानंतर एकत्र राहिलात जेमतेम अठरा दिवस, नवरा पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन कॅनडात मिसिसागाला, तुम्ही साताऱ्यात, आणि कोणीतरी सांगितलंय की वर्षभर एकत्र राहिल्याशिवाय स्पॉन्सरशिपचा, म्हणजे नवऱ्याने बायकोला इकडे कायमचं बोलावून घेण्याचा, अर्जच करता येत नाही. त्या सांगणाऱ्याने दोन नियमांची खिचडी केली आहे.

सलग १२ महिने एकत्र राहण्याची अट आहे ती लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना, म्हणजे इथल्या भाषेत कॉमन-लॉ पार्टनरना. तुमचं कायदेशीर लग्न झालंय. तुम्ही भारतात राहून अर्ज केलात तर किती दिवस एका छताखाली होतात याचा किमान आकडा नाही.

'दोन वर्षांची अट' ऐकली असेल, तर ती एके काळी खरी होती. ऑक्टोबर २०१२ पासून, नातं दोन वर्षांचं नसेल आणि मूल नसेल तर पीआर मिळाल्यावर दोन वर्षं स्पॉन्सरसोबत राहावंच लागे. माझी बायको २०१६ मध्ये आली ती हीच अट घेऊन. भांडण झालं की कॅलेंडरकडे बघून म्हणायची, "अजून इतके महिने सोसायचंय." आमच्याकडे हे थट्टेवारी जायचं. पण त्रास देणाऱ्या नवऱ्याच्या हाती या अटीने आयतं हत्यारच दिलं होतं. एप्रिल २०१७ मध्ये सरकारने ती काढली, आधी आलेल्यांनाही मोकळं केलं.

एकत्र राहण्याचा मुद्दा खरा येतो तो 'इनलँड', म्हणजे कॅनडातच राहून केलेल्या अर्जात. तिथे दोघांनी कॅनडात एकत्र राहायलाच हवं आणि अर्ज नाकारला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येत नाही. तुम्ही बाहेरूनच अर्ज करा.

मात्र दिवस मोजत नाहीत म्हणजे तपासत नाहीत असं नव्हे. लग्न केवळ कागदांसाठी झालेलं नाही, हे पटवावं लागतं. आम्ही लग्नपत्रिका, साखरपुड्यापासूनचे फोटो, विमानाची तिकिटं, व्हॉट्सअॅप कॉलच्या नोंदी असं सगळं लावलं. ठरवून झालेलं लग्न असेल तर स्थळ कोणी आणलं, कांदेपोहे कुठे झाले, होकार कधी गेला, हे सरळ लिहा, लाजू नका. फोटोत नवराबायकोच नकोत, दोन्हीकडची माणसं दिसू द्या.

आमची खरी अडचण झाली नावाची. सासरी तिचं पहिलं नावही बदललं होतं. पत्रिकेवर एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं. तुमच्याकडेही तसं असेल तर आधीची सगळी नावं फॉर्ममध्ये लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

आणि हो, नवरा अजून सिटिझन नाही, त्यामुळे अर्ज चालू असताना त्याचं राहणं कॅनडातच हवं. गणपतीला येऊन जाऊ दे, पण "वर्क फ्रॉम होम आहे, वर्षभर साताऱ्यातच राहतो" म्हणाला तर ऐकू नका.