बोका अडला रविवारी, पैसे सुटणार 2044 मध्ये

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

"मी गोव्यात फोंड्याजवळ राहते. वय 34. वेर्ण्याच्या एका कंपनीत नोकरी, हातात 31 हजार येतात. मिस्टरांना 38 हजार मिळतात. सहा वर्षांची मुलगी आहे आणि चार वर्षांचा बोका, गुंडू. गेल्या दिवाळीत नरकासुराच्या (नरकचतुर्दशीच्या आदल्या) रात्री गुंडू सारखा वाळूच्या पेटीत जाऊन बसत होता, कुंथत होता, ओरडत होता. पोट साफ होत नसेल म्हणून तूप चाटवलं. हाताशी पैसे नव्हते, म्हणून मिस्टरांनी मित्राकडून घेतल्यावर मंगळवारी सकाळी नेला. लघवी पूर्ण अडली होती. नळी घालून तीन दिवस ठेवून घेतला, 38 हजार झाले. जानेवारीत पुन्हा तेच, 34 हजार. दोन्ही बिलं शेवटी क्रेडिट कार्डावर. आता 64 हजार बाकी आहेत, दरमहा किमान रक्कम 3,200 न चुकता भरते. डॉक्टर म्हणतात, पुन्हा अडलं तर ऑपरेशन, साधारण 45 हजार. प्रश्न असा: मांजराचा विमा काढू की बांगड्या गहाण ठेवू? मुलीसाठी घेतलेल्या गॅरंटीड विमा प्लॅनला हात लावायचा नाही. वर्षाला एक लाख, दहा वर्षं, आणि 2044 मध्ये 21 लाख मिळणार, म्हणजे दुप्पट. डिसेंबरमध्ये दुसरा हप्ता भरला. सरेंडरची, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडण्याची, चौकशी केली तर 1 लाख 5 हजारच मिळतील म्हणाले. 95 हजार बुडवण्यापेक्षा चालू ठेवलेला बरा."

ताई, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. मांजराचा विमा काढू नका. तो मिळतो, नाही असं नाही. पण आधीपासून असलेला आजार त्यात धरत नाहीत, आणि गुंडूच्या फाइलवर दोन वेळा तेच लिहिलेलं आहे. ज्यासाठी विमा हवा तेच सोडून बाकी सगळ्याचा हप्ता तुम्ही भराल. बांगड्या कपाटात राहू द्या, त्यांची गरज पडणार नाही. का, ते पुढे सांगतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचला तो मंगळवार. रविवारी रात्री बोका अडला आणि मंगळवारी सकाळी दवाखान्यात गेला. बोक्याची लघवीची वाट टोकाशी फार अरुंद असते. खडे, बारीक स्फटिक किंवा नुसता चिकट गाळ तिथे अडकला की मूत्राशय फुगत जातं, मूत्रपिंडं थांबतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडतं. हे सगळं व्हायला एक-दोन दिवस पुरतात. कुंथतो आहे म्हणजे बद्धकोष्ठ असेल, हा गैरसमज बहुतेक घरांत होतो, त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. पण बोका पेटीत बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं की सकाळची वाट पाहायची नसते, मग रविवार असो की गणपतीची चवथ. तूप नको. आपली पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच नको, मांजराला ती विषच आहे.

तुम्ही थांबलात, कारण हाताशी पैसे नव्हते. महिन्याला 69 हजार घरात येतात, मुलीच्या नावाने वर्षाला लाखभर बाजूला पडतात, आणि एका रात्री वीस हजार उभे करता येत नाहीत. गुंडू वाचला हे नशीब. उद्या मुलीला ताप चढला तरी तोच मित्र शोधणार का?

आता त्या प्लॅनकडे. हा तुम्हाला कोणी आणि कसा विकला, ते तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय: बँकेतले साहेब, "एफडीसारखंच आहे, वर टॅक्स वाचतो." ताई, तुमच्या पगारावर आयकर लागतच नाही. नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही, आणि जुन्या पद्धतीतही तुमचं उत्पन्न सुटलं असतं. जो कर नाहीच तो वाचवायला तुम्ही दहा वर्षांचा हप्ता गळ्यात बांधून घेतलात. याला मी सल्ला म्हणत नाही.

दुसरं, मुलीच्या शिक्षणासाठी म्हणे. मुलगी आज सहा वर्षांची. 2044 मध्ये ती चोविशी ओलांडेल. कॉलेजची फी अठराव्या वर्षी भरायची असते. पैसे येतील तेव्हा तिचा पदवीचा फोटो भिंतीवर जुना झालेला असेल. विकणाऱ्याने मुलीचं वय विचारलं होतं का, की नुसता जन्मदाखला मागितला?

आणि "दुप्पट". दहा लाख भरून वीस वर्षांनी 21 लाख म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांहून किंचित कमी. तेवढेच हप्ते पीपीएफमध्ये भरले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर त्याच तारखेला साडेएकोणतीस लाख होतात. महागाई सहा टक्के धरली तर 2044 चे 21 लाख म्हणजे आजचे सात लाख. गॅरंटी आहे हे खरं, पण कशाची, ते बघा.

यात विमा किती? तुमच्या नावावर दहा लाख. घराचं कर्ज 19 लाख बाकी. ज्यांच्या पगारावर कर्जाचा मोठा भार आहे त्या तुमच्या मिस्टरांच्या नावावर शून्य. एक कोटीचा साधा मुदत विमा त्यांच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला वर्षाला साधारण 15 हजारांच्या आसपास पडतो, आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. लाखभर हप्ता भरून तुम्ही दहा लाखांचा विमा घेतलात, आणि तोही चुकीच्या माणसाच्या नावावर.

डिसेंबरची गोष्ट तर वाचून मी पत्र खालीच ठेवलं. ऑक्टोबरच्या बिलाचे 38 हजार बहुतेक सगळे कार्डावर तसेच, आणि डिसेंबरमध्ये मिस्टरांच्या बोनसमधून तुम्ही एक लाखाचा हप्ता भरलात. पाच टक्के मिळवायला लाख रुपये दिले आणि बेचाळीस टक्क्यांचं कर्ज मागे ठेवलं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के असतं: 64 हजारांवर सव्वादोन हजार, त्यावर जीएसटी चारशे. तुम्ही 3,200 भरता तेव्हा मुद्दल साडेपाचशे रुपयांनी कमी होतं. "न चुकता भरते" असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. बँकेलाही तुमचा अभिमानच वाटत असणार.

आता ते 95 हजार. ते बुडणार नाहीत, ते बुडालेले आहेत. तुम्ही प्लॅन चालू ठेवा नाहीतर सोडा, ते परत येत नाहीत. विचार करायचा तो पुढच्या आठ हप्त्यांचा. हे आठ लाख त्याच तारखांना पीपीएफमध्ये टाकले तर 2044 मध्ये जवळपास 22 लाख होतात. प्लॅन देणार 21. म्हणजे सरेंडरचे 1 लाख 5 हजार आज हातात घेऊन तुम्ही गोव्यात कुठेही उधळलेत, तरी शेवटी प्लॅनपेक्षा पुढेच असाल. यात चालू ठेवण्यासारखं काय उरलं, मला दिसत नाही. पॉलिसी डिसेंबर 2024 ची आहे, म्हणून निदान एवढं तरी मिळतंय. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी पहिल्या वर्षानंतरही सरेंडर मूल्य द्यावं लागतं. हप्ते थांबवून पॉलिसी "पेड-अप" ठेवायचा, म्हणजे मुदत संपल्यावर कमी रक्कम घ्यायचा, पर्यायही ते सुचवतील. नको. तुमच्या डोक्यावर बेचाळीस टक्क्यांचं कर्ज असताना पैसे आत अडकवून काही साधत नाही.

सरेंडरच्या अर्जाआधी एक काम करा. "एफडीसारखंच आहे" हा त्या साहेबांचा मेसेज तुमच्या फोनवर आहे, असं तुम्ही म्हणता. तो जपून ठेवा आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा: खोटं सांगून विकलं, पूर्ण हप्ते परत द्या. एक महिना वाट बघा. नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं. हमी देत नाही. पण महिनाभर थांबण्याची किंमत कार्डाचे साडेसव्वीसशे आणि मिळण्याची शक्यता 95 हजारांची, तेवढा जुगार मी खेळेन. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत परत करता येत होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसणारच.

1 लाख 5 हजार आले की त्याच दिवशी 64 हजार कार्डावर भरून टाका. उरलेले 41 हजार बचत खात्यात, हात लावायचा नाही. गुंडूच्या ऑपरेशनच्या अंदाजाच्या जवळपास तेवढेच होतात, म्हणून बांगड्यांची गरज नाही म्हणालो. त्यानंतर तुमचा महिना असा: घराचा हप्ता साडेसतरा हजार, घरखर्च 24, स्कूटरचा हप्ता 3,800, आईला पाच, गुंडूला साडेतीन. म्हणजे 54 च्या आत. हप्ता नाही आणि कार्ड नाही, तर 69 मधून 15 हजार सुटतात. त्यातले तीनेक हजार मिस्टरांच्या मुदत विम्याला आणि तिघांच्या आरोग्य विम्याला. डीडीएसएसवायचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे म्हणून आरोग्य विमा घेतला नाही, असं लिहिलंत. कार्ड चांगलंच आहे, गोमेकॉचा, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा, आधार तर आहेच. पण तिघांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि तेही ठरलेल्या उपचारांसाठी, एवढ्यावर मी निर्धास्त झोपणार नाही. उरलेले बारा हजार दरमहा त्या 41 हजारांत घालत गेलात तर सव्वा वर्षात चार महिन्यांचा खर्च, सव्वादोन लाखांच्या जवळ, साठतो. मुलीसाठीची गुंतवणूक त्यानंतर. सुकन्या समृद्धी दहा वर्षांची होईपर्यंत उघडता येते, अठराव्या वर्षी शिक्षणासाठी अर्धे काढताही येतात. घाई नाही.

आणि गुंडू. मी डॉक्टर नाही, पण दोन बोक्यांचा बाप आहे आणि त्यातल्या एकाची बिलं भरलेली आहेत. 45 हजार देण्याआधी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा: खडे आहेत का, असतील तर कुठल्या जातीचे? एक्स-रे, सोनोग्राफी, लघवीची तपासणी, जे सांगतील ते करून घ्या. स्ट्रुव्हाइटचे खडे बहुधा खास खाण्याने विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. आणि तरुण बोक्यांत बऱ्याचदा खडा नसतोच, जिवाणूही क्वचितच सापडतात. ताणाने मूत्राशय सुजतं, वाट आवळते. नरकासुराच्या रात्री तुमच्या वाड्यावर जो ढणढणाट आणि फटाके झाले असतील, त्यानंतर बोका अडावा यात मला तरी योगायोग वाटत नाही. पुढच्या दिवाळीत त्याला आतल्या खोलीत, पेटी आणि पाणी देऊन, दार लावून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत.

ऑपरेशन म्हणजे लघवीची वाट कायमची रुंद करणं. अडण्याचा धोका त्याने पुष्कळ कमी होतो, पण मूत्राशयाची सूज किंवा आतले खडे ऑपरेशनने जात नाहीत, संसर्गाची शक्यता थोडी वाढते. म्हणजे खाण्याचा खर्च ऑपरेशननंतरही राहणार. "एकदा केलं की सुटलो" असा हिशेब धरू नका.

त्या साडेतीन हजारांच्या खाण्याबद्दलही बोलायला हवं. पत्रात एक ओळ आहे: "वर थोडी तारली मासळी किंवा सुका बांगडा देतो, नाहीतर तो खात नाही." मग ते साडेतीन हजार पाण्यात. ते खाणं लघवीतलं आम्ल आणि क्षार मोजून बनवलेलं असतं. त्यावर खारवलेला बांगडा घातला की मोजमाप गेलं. एकतर नुसतं तेच द्या, नाहीतर डॉक्टरांना विचारून स्वस्तातला मार्ग घ्या, पण दोन्ही डगरींवर पाय नको. कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं, किंवा दाणे भिजवून देणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय, कारण मांजर मुळात पाणी कमी पितं. पाण्याची दोन-तीन भांडी वेगवेगळ्या कोपऱ्यांत, पेटीपासून लांब. वाळूच्या पेट्या मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे तुमच्याकडे दोन. पावसाळ्यात बोका बाहेर जात नाही आणि घरातली एकुलती पेटी घाण असली की तासन्‌तास लघवी दाबून धरतो. दुसरी पेटी म्हणजे प्लास्टिकचा टब, बाजारात दोनशेला येतो.

सरेंडरचा अर्ज दिलात की बँकेतले साहेब फोन करतील, कदाचित घरी येतील. तोंड गोड असेल. एखादा नवा प्लॅन घेऊन येतील, "हे बुडालेले 95 हजार तीन वर्षांत भरून निघतील" म्हणतील. चहा पाजा, गुंडूला मांडीवर बसवा, आणि सही करू नका. हप्त्याचं ऑटो-डेबिट मात्र या आठवड्यातच बंद करून टाका. डिसेंबरला वेळ आहे असं वाटतं, आणि मग खात्यातून लाख रुपये जाऊन बसलेले असतात.