अरुंद गुहेत अडकण्याची भीती

प्रश्न: आमचा मुलगा मित्रांसोबत मेघालयातील गुहांमध्ये उतरण्याचा बेत आखत आहे. हरवळ्याच्या लेण्यांपलीकडे आम्ही काही पाहिलेले नाही. आमची भीती अनाठायी आहे का? (एक वाचक, डिचोली, गोवा)

उत्तर: मुळीच नाही. हरवळ्याची लेणी माणसाने जांभ्या दगडात कोरलेली आहेत, तर मेघालयातील गुहा पाण्याने चुनखडी विरघळवून घडवल्या असल्याने त्यांच्या वाटा माणसाच्या मापाच्या नसतात. अरुंद भेगेत श्वास सोडताना छाती आकसते आणि शरीर बोटभर पुढे सरकते. पुढचा श्वास घेताना मात्र तीच छाती खडकात घट्ट बसते आणि घाबरून धाप लागली, की पकड आणखी आवळते. अमेरिकेतील युटा राज्यातल्या नटी पटी गुहेत २००९ साली एक तरुण डोके खाली अशा अवस्थेत अडकला आणि सुमारे २७ तासांच्या प्रयत्नांनंतरही वाचू शकला नाही, कारण उलट्या अवस्थेत हृदयावर व श्वासावर असह्य ताण येतो. पावसात अशा गुहांमध्ये पाणी शिरते; पावसाचे तर गोवेकरांना वेगळे काय सांगावे! मुलाने कोरड्या हिवाळ्यात, जाणकार वाटाड्यासोबत, प्रत्येकी तीन दिवे घेऊन जावे आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. उताराच्या भेगेत डोके पुढे घालून शिरणे मात्र आमच्या मते निव्वळ वेडेपणा आहे.